दुःखाचे जतन आणि मनांचा समेट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी व्याख्याता नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो, एवढेच माझे भांडवल. आणि पुढची तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत, गावोगावच्या बदल्या झेलीत, फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली. टिपणे लिहिणाऱ्या माणसाला एक खोड जडते. मत स्वतःचे असले, तरी तो ते ‘विचारार्थ सादर’ करतो. आजही मी तेच करणार आहे. निर्णय आपण घ्यायचा आहे.

कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, “अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याची संग्रहालये.” ते क्षणभर थांबले आणि सौजन्याने म्हणाले, “म्हणजे प्रवासवर्णन म्हणा ना!” प्रवास घडला हे खरे आहे. २०२३ साली मुलीकडे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी तीन आठवडे राहण्याचा योग आला. पण मी आज जे सांगणार आहे, त्यात प्रवास थोडा आहे. परतताना मी मनात एक ओझे घेऊन आलो, त्याची ही हकीकत आहे.

नॅशव्हिलहून मोटारीने तीन तासांवर, मिसिसिपी नदीच्या काठी मेम्फिस हे शहर आहे. तेथे लॉरेन मोटेल नावाची एक साधी दुमजली इमारत आहे. १९४५ साली वॉल्टर बेली या कृष्णवर्णीय गृहस्थांनी ती विकत घेतली आणि पत्नीच्या नावावरून तिचे नाव ठेवले. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना खोली मिळत नसे. गायक असो, वकील असो वा धर्मोपदेशक असो, त्याला मुक्कामासाठी अशीच ठिकाणे शोधावी लागत. ४ एप्रिल १९६८ रोजी सायंकाळी या मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर, सज्जात उभे असताना, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घालण्यात आली. त्याच दिवशी मालकाच्या पत्नीला मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला, आणि ज्या दिवशी किंग यांची अंत्ययात्रा निघाली, त्याच दिवशी त्या माउलीचाही मृत्यू झाला. बेली यांनी ती खोली पुन्हा कोणाला भाड्याने दिली नाही.

किंग मेम्फिसला आले होते ते सफाई कामगारांसाठी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या गळ्यातील फलकांवर पगारवाढीचा आकडा नव्हता. त्यावर एवढेच लिहिले होते की, मी माणूस आहे. जगातील पुष्कळ घोषणा मी वाचल्या आहेत, परंतु आपण माणूस आहोत हे फलक लावून सांगावे लागणे, याहून मोठा आरोप कोणत्याही समाजावर करता येणार नाही असे मला वाटते.

पुढे मोटेलला उतरती कळा लागली. १९८२ साली इमारत लिलावात निघाली, तेव्हा शहरातील काही मंडळींनी निधी उभारून ती १,४४,००० डॉलरला घेतली, आणि १९९१ साली तेथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडले. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, नाणी आणि भग्न मूर्ती येतात. येथे तसे काही नाही. येथे एक कचरागाडी आहे. एक बस आहे. तिच्यात आपण बसलो की ध्वनिमुद्रित चालकाचा आवाज मागे जाण्यास दरडावतो. आणि दालनांमागून दालने ओलांडीत आपण शेवटी ३०६ क्रमांकाच्या खोलीशी येऊन पोहोचतो. काचेपलीकडे पलंग, अंथरूण, मेजावरील वस्तू त्या सायंकाळसारख्या मांडून ठेवल्या आहेत. बाहेर सज्जाच्या कठड्याला पुष्पचक्र आहे. दरवर्षी ४ एप्रिलला तेथे लोक जमतात, प्रार्थना होते आणि नवे पुष्पचक्र वाहिले जाते.

येथे एक गोष्ट आपणा मराठी माणसांना सांगितलीच पाहिजे. किंग यांना मेम्फिसला बोलावणाऱ्यांत प्रमुख होते धर्मोपदेशक जेम्स लॉसन. हे लॉसन १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयात होते. मुलांना ते खेळ शिकवीत आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरात वृत्तपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले, आणि मी ज्या नॅशव्हिलला मुलीकडे उतरलो होतो, तेथेच त्यांनी तरुणांचे वर्ग घेतले. शिव्या खाऊन, अंगावर थुंकून घेऊन, मार सोसूनही हात कसा उगारायचा नाही, याचे प्रत्यक्ष शिक्षण त्या वर्गांत दिले जाई. २०२४ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले. नागपूर आणि मेम्फिस यांच्यामध्ये समुद्र असले, तरी हा एक धागा आहे.

धागा त्याहूनही जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे त्यांच्या बांधवांनी केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. आणि १९५९ साली किंग भारतात आले, तेव्हा केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. किंग यांना क्षणभर धक्का बसला, रागही आला; पण विचार केल्यावर ते शब्द त्यांना खरे वाटले. हा प्रसंग त्यांनी स्वतः १९६५ साली एका प्रवचनात सांगितला आहे. तेव्हा हा विषय परदेशचा आहे असे म्हणून आपल्याला अंग काढून घेता येणार नाही.

आता संग्रहालये करतात काय, हे थोडे पाहू. उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार विद्यार्थी वूलवर्थ या दुकानातील उपाहारगृहाच्या फळीपाशी जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती फळी फक्त गोऱ्यांसाठी होती. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली. तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. जुलैअखेर त्या दुकानाने नियम सोडला. बरोबर पन्नास वर्षांनी, १ फेब्रुवारी २०१० रोजी, त्याच इमारतीत संग्रहालय उघडले. अटलांटा येथील संग्रहालयात तशीच फळी करून ठेवली आहे. तेथे आपण बसावयाचे, कानांवर श्रवणयंत्र चढवावयाचे आणि दोन्ही हात फळीवर टेकवून डोळे मिटावयाचे. मग मागून शिव्या, धमक्या, खुर्चीला बसणारे हादरे. माझी मुलगी तेथे जाऊन आली आहे. ती म्हणाली, “बाबा, मिनिटभरही हात स्थिर राहिले नाहीत.”

अलाबामातील माँटगोमेरीचे स्मारक मी प्रत्यक्ष पाहिले. २६ एप्रिल २०१८ रोजी ते खुले झाले. जमावाने ठार मारलेल्या चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांची ही स्मृती आहे. आठशेंहून अधिक पोलादी स्तंभ. एकेका जिल्ह्याचा एकेक स्तंभ, आणि त्यावर तेथे मारल्या गेलेल्यांची नावे. आरंभी हे स्तंभ आपल्या उंचीचे असतात. पुढे जमीन खाली उतरत जाते आणि स्तंभ वर टांगलेले राहतात. चालता चालता आपण त्यांच्या खाली येतो. मग कोणी समजावून सांगावे लागत नाही. बाहेर प्रत्येक स्तंभाची जोडनक्कल आडवी ठेवली आहे. त्या त्या जिल्ह्याने पुढे यावे, आपला स्तंभ मागून न्यावा आणि आपल्या गावी उभारावा अशी त्यामागची कल्पना आहे. नेला नाही, तर तो तेथेच पडून राहील आणि न नेणेही सर्वांना दिसेल.

त्याच संस्थेने २०१५ पासून आणखी एक उपक्रम चालविला आहे. जेथे हत्या झाली, ती जागा शोधून काढावयाची. गावातील गोरे-काळे लोक, मारल्या गेलेल्याचे वंशज असल्यास तेही, तेथे एकत्र जमून हाताने माती खणतात आणि काचेच्या बरणीत भरतात. बरणीवर नाव, गाव आणि तारीख. संग्रहालयात अशा शेकडो बरण्या फडताळांवर ओळीने ठेवल्या आहेत. कोठे काळी माती, कोठे तांबडी, कोठे वाळूसारखी फिकी. आमच्या घरी लोणच्याच्या बरण्या अशाच ओळीने असत. मला तेथे तेच आठवले, आणि ते आठवल्याची लाजही वाटली.

या सगळ्याला तिकडे एक शब्द आहे. त्याचा अर्थ जखम भरून येणे असा होतो. न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्समुळे आपल्याला ठाऊक असलेल्या केलॉग यांच्या नावाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने २०१७ पासून वांशिक समेटाचा राष्ट्रीय दिवस सुरू केला. किंग यांच्या जयंतीची सार्वजनिक सुटी जानेवारीतील तिसऱ्या सोमवारी असते. तिच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, हा दिवस पाळतात. संग्रहालये, ग्रंथालये, विद्यापीठे यांत त्या दिवशी खुर्च्या वर्तुळात मांडतात. व्यासपीठ नसते, अध्यक्षही नसतात. (अध्यक्ष महाराज क्षमा करतील.) प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातील अनुभव सांगावयाचा आणि इतरांनी तो ऐकावयाचा. खंडन करावयाचे नाही, सल्ला द्यावयाचा नाही. बोलावेसे न वाटल्यास गप्प बसण्याचीही मुभा असते. ऐकावयास सोपे वाटते, पण आपल्या सभांचा अनुभव जमेस धरता, खंडन न करता ऐकणे किती कठीण, हे मी आपणास सांगावयास नको.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की, जुन्या जखमेवरची खपली काढावयाचीच कशाला? याचे उत्तर मला १९५५ साली मिसिसिपीत मारल्या गेलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या स्मृतिफलकात सापडते. त्याचे प्रेत नदीतून काढले, त्या जागेचा फलक अज्ञात लोकांनी पुनःपुन्हा गोळ्या झाडून चाळण केला. अखेर २०१९ साली तेथे गोळी न भेदणारा पोलादी फलक बसवावा लागला. जखम खरोखर भरली असती, तर फलकावर गोळ्या कोणी कशाला झाडल्या असत्या? २०२५ साली तर राजधानीतील कृष्णवर्णीय इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मांडणीवर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशातच ठपका ठेवण्यात आला. म्हणजे काय दाखवावे आणि काय झाकावे, हा वाद तेथेही मिटलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. लॉरेन मोटेलचे संग्रहालय करावयाचे ठरल्यावर १९८८ साली तेथील शेवटच्या भाडेकरू बाईला पोलिसांकरवी बाहेर काढावे लागले. ती बाई पुढे कित्येक वर्षे समोरच्या कोपऱ्यावर ठाण मांडून बसली. तिचे म्हणणे असे की, किंग गरिबांसाठी मेले. मग या पैशांतून गरिबांना घरे का बांधीत नाही? मला याचे उत्तर देता येत नाही. एवढेच म्हणतो की, समेट हा न्यायाच्या जागी ठेवता येत नाही. मेम्फिसच्या कामगारांची संघटना मान्य झाली आणि पगार वाढला तो १६ एप्रिल १९६८ रोजी. संग्रहालय त्यानंतर तेवीस वर्षांनी आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हक्क, मग स्मारक. हक्क न देता केलेले स्मरण म्हणजे मुलाम्याचे भांडे.

आता ज्या ओझ्याचा आरंभी उल्लेख केला, त्याकडे येतो.

मेम्फिसच्या त्या बसपाशी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई नातवाला घेऊन आली होती. नातू उड्या मारीत बसमध्ये चढला. बाई पायरीशीच थांबली. नातवाने हाक मारली, तेव्हा ती एवढेच म्हणाली की, तू बसून ये, मी यातून पुष्कळ हिंडले आहे. मी शेजारी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहून स्मित केले. कदाचित माझ्या सावळ्या वर्णामुळे मी तिच्या बाजूचा आहे असे तिला वाटले असेल. आणि त्या क्षणी मला आमच्या गावच्या घराच्या पडवीतील कोनाडा आठवला.

त्या कोनाड्यात एक कप असे. कान तुटलेला, निळ्या काठाचा. लाकडे फोडावयास येणाऱ्या म्हाताऱ्या गड्याचा तो कप. मी सात-आठ वर्षांचा असेन. आजी वरून धार धरून त्यात चहा ओती. बोटाचा स्पर्श होऊ न देण्याचे तिचे कसब विलक्षण होते. तो अंगणात उकिडवा बसून चहा पिई, कप स्वतःच विसळी आणि कोनाड्यात पालथा ठेवी. आजी मायाळू होती हे मी शपथेवर सांगेन. सणासुदीला त्याच्या घरी धान्य जाई, त्याच्या नातीच्या बाळंतपणात तिने तूप धाडले होते. पण कप वेगळाच राहिला. बसचालकाच्या तोंडी शिव्या होत्या. आमच्या घरी कोणाच्या तोंडी वावगा शब्द नव्हता. म्हणूनच कदाचित आम्हांला आमचे काही चुकते आहे, असे कधी वाटले नाही.

१९९८ साली गावचे घर विकले. आवराआवर करताना तो कप मला सापडला. म्हातारा केव्हाच गेला होता, पण त्याचा नातू त्या दिवशी भेटावयास येणार होता. तो माध्यमिक शाळेत शिक्षक झाला होता. तो यावयाच्या आत मी कप उचलला आणि मागच्या उकिरड्यावर फेकून दिला. नंतर आम्ही दोघांनी एकसारख्या कपांतून चहा घेतला, गप्पा मारल्या, आणि आपण किती सुधारलो, या समाधानात मी रात्रीची गाडी पकडली.

मेम्फिसला मला कळले की, मी कप फेकला तो सुधारणा म्हणून नव्हे. मी पुरावा नष्ट केला. तीस वर्षे दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने हे करावे! त्या नातवाशी मला जे बोलावयास हवे होते, ते त्या कपावाचून मी बोललो नाही, आणि त्यानेही सौजन्याने ते काढले नाही. समेट झाला असे मी मानले. वास्तविक आम्ही दोघेही त्या विषयाला वळसा घालून गेलो होतो.

आपल्याकडे महाडला चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ चे स्मरण तेथे दरवर्षी होते. बाबासाहेबांच्या वस्तूही श्रद्धेने जतन केलेल्या आहेत. हे सारे ज्यांनी सोसले, त्यांनी जपले. परंतु ज्यांच्या कोनाड्यांत वेगळे कप होते, त्यांनी काय जपले? माँटगोमेरीच्या बरणीत माती भरणाऱ्यांत गोरे हातही असतात, हे मला तेथील सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटले.

म्हणून माझे टिपण विचारार्थ सादर करतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळ एक स्मृतिदालन उभारीत आहे. संस्थापकांची छायाचित्रे, पहिल्या गणेशोत्सवाची पत्रिका, नाटकांच्या जाहिराती तेथे लागतील, आणि त्या लागाव्यातच. परंतु आपल्याच शहरात कारखान्याच्या वसाहतीत दरवर्षी १४ एप्रिलला मोठा कार्यक्रम होतो. तीही मंडळी मराठीच बोलतात, तीही पोटासाठीच इतक्या दूर आली. मी पन्नास वर्षांचे इतिवृत्त चाळले. त्यांना आपल्या गणेशोत्सवाचे निमंत्रण गेल्याची नोंद मला आढळली नाही. त्यांच्या कार्यक्रमास मंडळाचा प्रतिनिधी गेल्याचीही नाही. कोणी मुद्दाम टाळले असे मी म्हणत नाही. आमच्या आजीनेही मुद्दाम काही केले नव्हते.

तेव्हा प्रस्ताव असा. दालनात एक फडताळ रिकामे ठेवावे. वसाहतीतील मंडळींकडे आपण स्वतः जावे, छापील पत्रिका टपालाने पाठवू नये. त्यांच्या आठवणी, त्यांच्या वस्तू, त्यांच्या इच्छेने तेथे याव्यात. आणि एका संध्याकाळी खुर्च्या वर्तुळात मांडून, कोणी कोणाचे खंडन न करता, दोन तास एकमेकांचे ऐकावे. ते येणार नाहीत, असेही होईल. तो त्यांचा अधिकार आहे. मग फडताळ रिकामेच राहू द्यावे. नेला न गेलेला स्तंभही काही सांगतच असतो.

मला त्या फडताळात एक कप ठेवावयाचा होता. तो आता माझ्यापाशी नाही. त्याच्या जागी एक कागद ठेवण्याची परवानगी असावी. त्यावर मी वरील हकीकत माझ्या सहीनिशी लिहून देईन. त्या शिक्षकमित्राचा पत्ता मी मिळविला आहे. गेल्या महिन्यात त्याला पत्र लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही. यावे अशी इच्छा आहे, पण तसा आग्रह धरण्याचा हक्क मला नाही.